हानुसमामाची न खेळलेली मिनिटं

माझा हानुसमामा पंधरा वर्षं डेन्मार्कच्या राष्ट्रीय फुटबॉल संघात ये-जा करून होता आणि एक मिनिटही खेळला नाही. हे मी टिंगल म्हणून सांगत नाही. टिंगल करायला फारोतल्या आमच्या सूरोय बेटावर माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांनी ते काम मन लावून केलेलं आहे. मी नुसता त्याचा हुद्दा सांगतोय. मामा तिसरा गोलरक्षक होता.

मोठ्या स्पर्धेला संघ न्यायचा तर त्यात तीन गोलरक्षक असलेच पाहिजेत, असा नियम आहे. पहिला खेळतो. पहिल्याला काही झालं तर दुसरा खेळतो. तिसरा असतो, कारण नियमात तीन म्हटलंय. पंगतीला बोलावलंय, पान मांडलंय, आणि वाढपी दरवेळी शेजारच्या पानापर्यंत येऊन मागे वळतो, असा तो पाहुणा. उठून जाता येत नाही आणि जेवलो असंही म्हणता येत नाही.

तिसऱ्याला काम नसतं असं मात्र समजू नका. सराव संपला की पुढच्या फळीतल्या पोरांना हौस म्हणून आणखी गोल मारायचे असतात, तेव्हा पहिले दोघे अंग शेकत पडलेले असतात आणि जाळ्यात तिसरा उभा राहतो. कुणाला घरची आठवण आली तर त्याच्याशी पत्ते खेळायला तिसरा. पत्रकारांसमोर पाठवायला कुणी तयार नसेल तर तिसरा. प्रत्येक प्रशिक्षक मामाबद्दल एकच वाक्य बोलायचा, "हानुस वातावरणाला फार चांगला आहे." दित्तेमामी टीव्ही बंद करत म्हणायची, "वातावरणाला खिडकीपण चांगली असते."

ही झाली बरी वर्षं. वाईट वर्षी मामा चौथा असायचा. चौथा म्हणजे मोठ्या यादीत नाव आहे, अंतिम यादीत नाही. मैदानातल्या इतर खेळाडूंची अदलाबदल पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवसापर्यंतच चालते, पण गोलरक्षकाला दुखापत झाली तर तो स्पर्धेच्या मध्यातही बदलता येतो. त्यामुळे चौथ्याने घरी तयार राहायचं असतं. कुणाचं तरी बोट मोडायची वाट पाहत, आणि मोडू नये अशी इच्छा करत. मामाची बॅग दिवाणखान्याच्या दारात भरलेली असे. सगळं गाव जूनमधल्या सांक्त हान्सच्या सणाला किनाऱ्यावर होळी पेटवून बिअर पीत असे तेव्हा मामा लिंबूसरबत घेऊन उभा. मामीला दक्षिणेत कुठेतरी उन्हात सुट्टीला जायचं असे, आणि मामा म्हणे, "विमानात असताना फोन आला तर?" फोन कधी आला नाही. पण सुट्टीही कधी आली नाही.

मी त्यांच्याकडे डेन्मार्कमध्ये एसबियर्गला राहायला आलो तो पवनचक्क्यांची पाती जहाजावर चढवायच्या नोकरीसाठी. एका खोलीचं ठरलं होतं, पुढे मी स्वयंपाकघरातही पसरलो. त्यामुळे मामाचं थकणं मी जवळून पाहिलंय. खेळून दमलेला माणूस खुर्चीत कोसळतो, जेवतो, झोपतो. मामा राष्ट्रीय संघाच्या सामन्यावरून यायचा तो डब्यात बसून डबा ओढल्यासारखा. घाम नाही, धूळ नाही, आणि जिना चढताना कठड्याला हात.

आता बेटाची बाजू सांगतो, कारण गोष्ट तिथेच अडकलेली आहे.

मामा जन्मला सूरोयवरच्या ट्वोरोइरी गावात, आजीच्या निळ्या पत्र्याच्या घरात. फारो बेटांचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे. पासपोर्ट मात्र आमचा आणि डेन्मार्कचा एकच. त्यामुळे आमच्याकडच्या चांगल्या पोराला दोन्हीकडून बोलावणं येऊ शकतं, आणि कुठे जायचं हे त्याचं त्याने ठरवायचं. एकदा एका देशाकडून स्पर्धेचा सामना खेळलास की मग दुसरीकडे परतीची वाट नाही. मामाला एकविसाव्या वर्षी डेन्मार्कचं बोलावणं आलं. तो गेला. कोण गेलं नसतं? त्या रविवारी ट्वोरोइरीच्या बंदरावर सगळ्यांनी ठरवून टाकलं की सुनेवाचा, म्हणजे माझ्या आजीचा, हानुस गेला. मेला या अर्थाने नव्हे, पण आवाज तोच.

पुढे तो उन्हाळ्यात घरी आला की बोट लागल्या लागल्या कुणीतरी म्हणायचंच.

"अरे, डॅनिश पाहुणे आले. कॉफी चालते का तुमच्यात?"

"चालते की."

"खेळलास का मग यंदा?"

"नाही."

"छान छान. तिकडे खुर्च्या तरी मऊ असतील."

मामा हसायचा. वर्षानुवर्षं तोच विनोद, तेच हसणं. फक्त हसायला लागणारा वेळ वाढत गेला.

गंमत अशी, की या पंधरा वर्षांत नियम कुणी नीट वाचला नव्हता. बेटाने नाही, बेटाच्या संघाने नाही, खुद्द मामानेही नाही. बेटाच्या हिशेबी संघाचा शर्ट अंगात घातला की माणूस गेला. आमच्याकडे बोटीत पाय ठेवला की खलाशी, मग मासा पकडो न पकडो. त्याच न्यायाने सगळे तसंच धरून चालले.

तो न्याय मोडायला पोल आला. फारोच्या संघाचा नवा प्रशिक्षक. पूर्वी शाळेत गणित शिकवायचा. एप्रिलमध्ये एका शनिवारी तो एसबियर्गच्या आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला, आजीने दिलेलं वाऱ्यावर सुकवलेलं मटण पुडक्यातून काढून टेबलावर ठेवलं, आणि मामी वासाने खिडकी उघडायला उठली तेवढ्यात म्हणाला, "हानुस, तू आमचाच आहेस."

मामा पाव कापत होता. "आईने सांगायला पाठवलं का?"

"मस्करी नाही. एका दुसऱ्या पोराच्या भानगडीसाठी नियम काढून बसलो होतो. संघात नाव असणं धरतच नाहीत. राखीव खुर्चीत बसणं धरत नाहीत. स्पर्धेच्या सामन्यात मैदानावर पाय पडला तरच धरतात. तू किती मिनिटं खेळलायस त्यांच्यासाठी?"

मामाने सुरी खाली ठेवली. त्याला आठवावं लागलं असं नाही. पण हा आकडा कुणीतरी चांगल्या अर्थाने विचारतंय, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"एकही नाही," तो म्हणाला.

"तेच म्हणतोय. आमचा गोलरक्षक खांद्याच्या शस्त्रक्रियेला गेलाय, वर्षभर येत नाही. त्याच्यामागचं पोर अजून शाळेत आहे. सप्टेंबरात पात्रता फेरी सुरू होतेय. तू छत्तीस वर्षांचा आहेस, दोन वर्षं सहज काढशील. मला तिसरा नकोय. पहिला पाहिजे."

मामी खिडकीपाशीच थांबली. मी मटणाचा तुकडा उचलला होता तो तसाच हातात. स्वयंपाकघरात एवढी शांतता मी फक्त मीटर वाचणारा आल्यावर पाहिली होती.

"आता लक्षात ठेवायचं एवढंच," पोल म्हणाला, "तोवर तिकडे खेळायचं नाही. एक मिनिटसुद्धा नाही."

मामा म्हणाला, "त्याचा मला सराव आहे."

त्या रात्रीपासून मामा बदलला, असं लिहायला मला आवडलं असतं. तो फक्त थोडा लवकर उठायला लागला. क्लबच्या सरावाला जाताना शीळ घालायचा, तीही बेसूर. एकदा मी विचारलं, "मामा, खरंच जाणार?" तर म्हणाला, "रोग्वी, मला एकदा हरायचंय रे. दुसऱ्याच्या हरण्याशेजारी बसून कंटाळा आला."

मग मे महिन्यात डेन्मार्कची मोठी यादी लागली आणि मामा त्यात चौथा होता.

मामीने बातमी ऐकली आणि मोजे वाळत घालता घालता म्हणाली, "नाही म्हणून कळव."

"फ्लेमिंगला हो म्हणून बसलोय. पोल यायच्या आधीच."

"मग आता नाही म्हण."

"चौथा आहे गं. चौथ्याला कोण बोलावतंय? पंधरा वर्षांत कधी फोन आलाय का? शेवटचा उन्हाळा. नीट निरोप घेऊन निघतो."

फ्लेमिंग म्हणजे डेन्मार्कचा प्रशिक्षक, मोठ्या अंगाचा, पटकन डोळ्यांत पाणी येणारा माणूस. मामाला तो आवडायचा. ज्याने आपल्याला कधीच खेळवलं नाही तो माणूस आवडणं, हे मामालाच जमावं.

त्या वर्षी युरोपची स्पर्धा हंगेरीत होती. डेन्मार्कने पहिला सामना जिंकला. दुसराही जिंकला. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही मागच्या अंगणात नवे बटाटे आणि हेरिंग खात होतो, तेव्हा फोन वाजला. सरावात दुसऱ्या गोलरक्षकाचं बोट मोडलं होतं. डॉक्टरने लिहून दिलं होतं, तिसरा आता दुसरा झाला होता आणि विमान संध्याकाळचं होतं.

मामाने फोन ठेवला. चौथ्याची दारातली बॅग पंधरा वर्षांत पहिल्यांदा उचलली गेली. ती उचलताना तो आनंदी दिसत नव्हता, दुःखीही नाही. बस चुकली म्हणून चालत निघालेल्या माणसाच्या मागून तीच बस यावी, तसा चेहरा.

"हेरिंग संपवून जा," मामी म्हणाली.

संघाने मला आणि मामीला तिसऱ्या सामन्याची तिकिटं पाठवली. आम्ही पोहोचलो त्या दिवशी हंगेरीत असा उकाडा होता की मी शर्टाच्या बाह्या कापायच्या विचारात होतो. सामन्याच्या आदल्या दुपारी संघाच्या हॉटेलच्या बागेत मामा भेटला. झाडाखाली बाकावर बसला होता. बसण्यात तो वाकबगार.

"एक गोंधळ झालाय," तो म्हणाला. "आम्ही गटात पहिले आलोच आहोत. उद्याच्या सामन्याला काही अर्थ नाही. आणि फ्लेमिंगच्या डोक्यात आलंय की शेवटची पाच मिनिटं मला द्यायची. कुणी बोलत नाही, पण सगळ्यांना ठाऊक आहे. नाश्त्याला पोरं माझ्याकडे बघून हसत होती. कप्तान तर पाठीवर थाप मारून गेला. त्यांच्यात पद्धतच आहे. म्हाताऱ्या माणसाला जाता जाता उतरवायचं, सगळं स्टेडियम उभं राहतं, टाळ्या."

"आणि फारो?" मी विचारलं.

"एक मिनिट आणि फारो संपलं. कायमचं."

"मग सांग ना त्याला."

"सकाळी गेलो होतो सांगायला. मी दार ठोठावलं, त्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, हानुस, मी तुझ्याशी फार वाईट वागलोय. आणि रडला. रडणाऱ्या माणसाला काय सांगू, की तुझी भेट परत घे?"

मामी इतका वेळ बुटाच्या टोकाने खडी सारत होती. ती म्हणाली, "खेळ."

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"पाच मिनिटं खेळ. सगळ्या देशासमोर. मी पंधरा उन्हाळे घरात बसले, हानुस. ती बॅग झाडूने इकडून तिकडे सरकवत. माझ्या बहिणीच्या लग्नात तू अर्ध्यातून उठून सरावाला गेलास. मला एकदा बघायचंय तुला डेन्मार्कच्या शर्टात, उभा. सप्टेंबरात तिकडे फारोत, तोर्सहावनच्या पावसात तू तीन गोल खाणार, आणि ते कोण बघणार?"

"आई बघेल."

"आई," मामी म्हणाली, आणि पुढचं गिळलं.

मामा बाकावर सरकला आणि मामीला जागा करून दिली. मग म्हणाला, "दित्ते, ती पाच मिनिटं म्हणजे सत्कार आहे गं. नारळ देतात तसला. त्यात माझ्याकडे चेंडूसुद्धा येणार नाही."

"मग मला तो सत्कार हवाय. थोडा माझापण आहे तो."

मामा उठला आणि त्याने आजीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. ती पलीकडून म्हणाली, "मला नियम कळत नाहीत. उन्हात टोपी घाल," आणि मेंढ्या कुंपणात शिरल्या म्हणून फोन ठेवला.

सामना संध्याकाळी होता. मी आणि मामी राखीव खेळाडूंच्या बरोबर मागे, वरच्या बाजूला. उत्तरार्ध अर्धा सरला तेव्हा डेन्मार्क दोन गोलांनी पुढे होता आणि लोक वारा घालत गप्पा मारत होते. अशा सामन्यात माणूस सावली कुठे सरकतेय ते बघतो. मामी सावलीकडे बघत नव्हती. ती मामाच्या मानेकडे बघत होती.

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा फ्लेमिंग वळला आणि त्याने हाताने मामाला उठायची खूण केली. सगळा बाक हसायला लागला. बाजूच्या लोकांनी नाव ओळखलं, कुणीतरी "हानुस, हानुस" सुरू केलं, आणि ते वरपर्यंत पसरत गेलं. मामी उभी राहिली. तिने दोन्ही हात तोंडावर धरले होते.

मामा उठला. अंगावरचं जाकीट काढलं नाही. चालत फ्लेमिंगकडे गेला आणि ओठांवर तळवा धरून बोलू लागला. आम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. पण नंतर मामाने मला ते शब्दाला शब्द सांगितलं, आणि मामा शब्दाची भर घालणाऱ्यातला नाही.

"मला उतरवू नकोस, फ्लेमिंग."

"काय?"

"एक मिनिट जरी उतरलो तरी मला फारोकडून खेळता येणार नाही. सप्टेंबरात मी खेळणार आहे. पहिला म्हणून."

फ्लेमिंग बघतच राहिला. "हे तू आता सांगतोस?"

"काल आलो होतो. तू रडत होतास."

"तुझ्यासाठी रडत होतो मी, गाढवा. पंधरा वर्षं बस म्हटलं तर बसलास. आज उठ म्हणतोय तर उठत नाहीस?"

"उठलोय की. आत जायला नको म्हणतोय."

"तुझं नाव घेतायत लोक. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय," मामा म्हणाला. "फार बरं वाटतंय. पण नको."

फ्लेमिंगने तोंड फिरवलं. मामा परत येऊन बसला. स्टेडियमला काही कळेना. नाव घेणारा आवाज थोडा वेळ तसाच चालू राहिला, मग पाहुणे गेल्यावर गल्लीतल्या दिव्याखाली पोरं उगाच रेंगाळतात तसा रेंगाळला आणि थांबला. मामी अजून उभीच होती. मागच्या माणसाने तिला बसायला सांगितलं तेव्हा ती बसली.

बाकावर आणखी एक छोटा तमाशा झाला. संघाचे डॉक्टर धावत आले. गुडघा? पाठ? जखमी असशील तर तसं आत्ताच सांग, घरून पुढच्या माणसाला बोलवायला लागेल. तिकडे डेन्मार्कमध्ये मामाच्या जागी कुणीतरी नवा चौथा आपली बॅग दारात ठेवून बसला होताच. एक खोटा शब्द पुरला असता, सगळ्यांची अब्रू झाकली असती. मामा म्हणाला, "मला काही झालेलं नाही. मी चांगला आहे." आणि स्पर्धेतले उरलेले दिवस तो तिथेच राहिला, कारण चांगल्या माणसाला घरी पाठवायची नियमात सोयच नव्हती. उपांत्यपूर्व फेरीत हरेपर्यंत रोज सरावात उभा राहून पोरांचे गोल अडवले. त्याच्याशी पत्ते खेळायला कुणी आलं नाही.

वर्तमानपत्रांनी आठवडाभर पोट भरून घेतलं. एकाने त्याला बाकावरचा बंडखोर म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, या माणसाला इतकी वर्षं आपण फुकट का फिरवलं? एसबियर्गच्या बेकरीत एक बाई मला म्हणाली, "तुझ्या मामाला आमच्या शर्टाची लाज वाटली म्हणे." मी म्हटलं, "नाही हो, त्याला बाकाची वाटली." तिने मला काल परवाचा पाव दिला.

घरी मामी बोलायची, पण कामापुरतं. बॅग तिने स्वतः रिकामी केली आणि माळ्यावर टाकली. ऑगस्टमध्ये मामाने विचारलं, "तोर्सहावनला येशील?" ती म्हणाली, "बघू." डॅनिश माणूस बघू म्हणतो तेव्हा नाही म्हणतो, हे मी तिच्याकडूनच शिकलो होतो.

पण ती आली. विमानात खिडकीपाशी बसली आणि ढगांकडे पाहत राहिली. आजीही सूरोयहून बोटीने आली, सोबत बंदरावरची चारपाच टवाळ माणसं. तेच ते, कॉफी चालते का विचारणारे. त्यांच्यातला एक मला म्हणाला, "आलोय आपला बघायला. खुर्चीवरून उठता येतं का त्याला."

समोर फिनलंड होतं. वारा समुद्राकडून, पाऊस आडवा. मामा डेन्मार्कऐवजी फारोच्या गोलरक्षकाचा पिवळा शर्ट घालून जाळ्यात उभा राहिला आणि पहिल्या पाच मिनिटांतच एक लांबून आलेला साधा चेंडू त्याच्या हातातून सुटून पायांमधून आत गेला. माझ्या शेजारचा टवाळ काही बोलला नाही. ते मला त्याच्या सगळ्या बोलण्याहून जास्त लागलं.

त्यानंतर मामाने खूप अडवलं. एक तर असा अडवला की आजीने, जिला नियम कळत नाहीत, माझं मनगट धरलं. शेवटाकडे कोपऱ्यावरून आणखी एक गोल बसला. दोन-शून्य. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले, तशा आमच्याकडे सगळ्याच हरण्यांनंतर वाजवतात. त्यात मामाचं नाव कुणी घेतलं नाही. बाकीच्या दहांसारखाच तो एक.

संध्याकाळी सगळे तिथेच राहणाऱ्या मावशीआजीच्या घरी जमले. ऊब होती, उकडलेले बटाटे होते. मामा सोफ्यावर बसला आणि बसला तसाच आडवा झाला. गुडघ्याला माती, गालावर खरचटलेलं, हातात अर्धा बटाटा. एवढा थकलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता, आणि पाहून मला काळजी वाटली नाही. मामी उठली, त्याच्या पायाशी खाली बसली आणि बुटाच्या ओल्या नाड्या सोडायला लागली. त्या सुटत नव्हत्या. तिने दातांनी सोडवल्या.

"पहिला गोल," ती खाली बघूनच म्हणाली, "तुझ्या चुकीने झाला."

मामाने डोळे उघडले नाहीत.

"हो," तो म्हणाला. "माझ्याच."